नीट रिपीट करताय? आधी कुठला आकडा कच्चा आहे ते बघा, मग या चुका टाळा

निकालानंतर मामांचा फोन आला. पोरीला बारावीला फर्स्ट क्लास आहे, ६० टक्क्यांच्या वर, नीटला (मेडिकलची प्रवेश परीक्षा) २४० आलेत म्हणजे क्वालिफाय पण झालीय, आता एक वर्ष ड्रॉप घेऊन ५५० काढेल, तू फक्त क्लास कुठला लावू ते सांग. मी म्हटलं मामा, आधी मार्कशीटचा फोटो टाका.

फोटो आला. मराठी ७४, इंग्रजी ६१, भूगोल ८२, फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४८, बायो ५४. टोटल ३६४, म्हणजे ६०.६७ टक्के, फर्स्ट क्लास खराच. पण पीसीबीची, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोची, बेरीज करा बरं. १४७. ओपनला तीनशेपैकी १५० लागतात, म्हणजे ही पोरगी पुढच्या वर्षी नीटला सातशे मार्क घेऊन आली तरी तिला एमबीबीएसची सीट मिळणार नाही. तीन मार्कांनी. आणि हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, कारण सगळे वरची टक्केवारी बघून पेढे वाटून मोकळे झाले होते.

मी स्वतः दोन ड्रॉप घेतलेला माणूस आहे, त्यामुळे हे उपदेश म्हणून नाही, चटके बसले म्हणून लिहितोय. रेकॉर्ड कच्चं आहे असं आपण सरसकट म्हणतो ना, त्यात दोन वेगळे आजार आहेत. एक बारावीचा, दुसरा नीटचा. औषधं वेगळी आहेत, आणि बहुतेक घरांत एकाचं औषध दुसऱ्याला चाललेलं असतं.

टक्केवारी बघायची आणि पीसीबी बघायचंच नाही

नियम साधा आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि इंग्रजी या चारही विषयांत पास पाहिजे, आणि पीसीबी मिळून ओपनला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० किंवा १२०. १४९ ला १५० कोणी करत नाही. मराठी-भूगोलाचे मार्क इथे शून्य कामाचे.

आता याची दुसरी बाजू पण ऐका, कारण याच्या उलट चूक करणारे पण भरपूर आहेत. पात्रता एकदा पार झाली की बारावीच्या मार्कांना मेरिटमध्ये काहीच वजन नाही. रँक नीटवर लागते, दोघांचे मार्क सारखे आले तर आधी बायो बघतात, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स, बारावी कुठेच नाही. म्हणजे ज्याला पीसीबीला १८० आहेत त्याने “रेकॉर्ड सुधारायचंय” म्हणून पुन्हा बोर्डाला बसायचं काही कारण नाही. माझ्या रूमवर असा एक होता, पीसीबी १९० च्या आसपास, तरी श्रेणीसुधारचा फॉर्म भरून फेब्रुवारी-मार्च त्यात घालवला आणि मेमध्ये नीटला गेल्या वर्षीपेक्षा कमी आले.

१५० च्या खाली असाल तर चुकीचा दरवाजा ठोठावणे

आधी पेपर परत बघायला लावा. तीन-चार मार्कांचाच प्रश्न असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, कॉलेजातल्या विषयाच्या सरांसोबत बसून बघायची आणि दम वाटला तर पुनर्मूल्यांकनाला टाकायचं. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही आणि मुदत निकालानंतर मोजक्या दिवसांची असते, ती निघून गेली की गेली. मामांनी मला फोन केला तेव्हा ती कधीच संपली होती, कारण पुन्हा तेच, फर्स्ट क्लास होता ना.

मग राहतं पुन्हा बसणं. बोर्डाचा फॉर्म भरताना प्रकार वेगवेगळे असतात, पुनर्परीक्षार्थी वेगळा, श्रेणीसुधार वेगळा, तुरळक विषय घेऊन बसणारे वेगळे. ज्यांचा विषय राहिलाय ते पुनर्परीक्षार्थी. सगळे विषय एकदम सुटलेत पण मार्क कमी आहेत त्यांच्यासाठी श्रेणीसुधार, आणि त्याला लगतच्या ठराविकच संधी असतात, दोन वर्षांनी जाग आली म्हणून जमत नाही. तुम्ही कशात बसता हे ज्या ज्युनियर कॉलेजातून बारावी केली तिथल्या क्लार्ककडून स्वतः जाऊन विचारा, ग्रुपवरच्या दादाला विचारू नका. त्या क्लार्क काकांशी गोड बोलायचं एवढं मात्र लक्षात ठेवा, वर्षभर कामं त्यांच्याकडेच पडतात.

आणि शक्यतो फेब्रुवारी-मार्चची परीक्षा धरा. जून-जुलैची देऊन निकाल कॅप राउंडच्या (सरकारी प्रवेश फेरीच्या) आधी हातात येईल या भरवशावर सीट टांगून ठेवायची म्हणजे जीव टांगणीला.

आता हे १४७ येतात कसे ते पण बघा. प्रॅक्टिकलचे तिन्ही विषयांत २६-२७ मिळालेत असं धरलं तर ८० तिथेच झाले, म्हणजे तीन पेपरच्या २१० मार्कांच्या थिअरीत पोरीला ६७ आहेत. हे हुशारी कमी म्हणून नाही होत. दोन वर्ष फक्त एमसीक्यू मारलेत, लिहायची सवयच गेलीय, डेरिव्हेशन अर्धवट, आकृतीला नावं नाहीत, चार मार्कांच्या प्रश्नाला चार ओळी. त्यामुळे वर्षभर नीट आणि जानेवारीपासून रोज एक तास बोर्डाचा पेपर हाताने लिहायचा, एवढं केलं तरी १५० काय १८० पण होतात.

बारावी कुठून दाखवतोय याकडे लक्ष न देणे

आमच्या कॉलनीतल्या एकाने दहावीनंतर कोटा गाठलं, अकरावी-बारावी तिकडच्याच डमी शाळेत (नाव शाळेत, पोरगा क्लासात) दाखवली. नीटला मार्क बरे आले, आणि मग कळलं की महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी डोमिसाइलसोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पाहिजेत (काही अपवाद आहेत, सरकारी नोकरीतल्या बदलीवाल्यांचे वगैरे). सोलापूरचा मुलगा, घरी मराठी बोलणारा, आणि राज्याच्या यादीत परका. उरला फक्त १५ टक्के ऑल इंडिया आणि खासगीतल्या महागड्या सीटा. क्लास कोट्याला लावा नाहीतर चंद्रावर लावा, शाळा इकडचीच ठेवा.

जुनी पुस्तकं, जुने कटऑफ

दादाचे मॉड्यूल फुकट मिळतात म्हणून तेच घेऊन बसणारे खूप. २०२४ च्या नीटपासून सिलॅबस कापलाय, केमिस्ट्रीतलं सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स, बायोतलं डायजेशन, ट्रान्सपोर्ट इन प्लांट्स, मिनरल न्यूट्रिशन हे सगळं गेलं. एक पोरगा सप्टेंबरमध्ये मला अभिमानाने सॉलिड स्टेटच्या नोट्स दाखवत होता, अक्षर इतकं सुंदर की सांगायला जीवावर आलं.

पेपरचं पण तसंच. २०२१ ते २०२४ दोनशे प्रश्नांतले १८० सोडवायचे आणि २०२२ पासून वेळ ३ तास २० मिनिटं असायचा, २०२५ पासून सरळ १८० प्रश्न, १८० मिनिटं, चॉइस नाही. जुन्या पद्धतीने मॉक दिलात तर ती वीस मिनिटं परीक्षेच्या दिवशी शोधत बसाल. मराठवाड्यातल्यांनी २०२० च्या आधीच्या सीनियरचे कटऑफ तर बघूच नयेत, तेव्हा ७०:३० चा विभागीय कोटा होता (७० टक्के सीटा त्याच विभागातल्या पोरांना), तो त्या वर्षी रद्द झाला.

क्वालिफाय म्हणजे सीट समजणे, आणि मग एजंट

२०२५ ला ओपनची क्वालिफाइंग रेषा १४४ होती, ७२० पैकी. त्या मार्कांवर सरकारी कॉलेज सोडा, गेटपण दिसत नाही. पण “क्वालिफाय” शब्द ऐकला की परदेशी कॉलेजांच्या एजंटांचे फोन यायला लागतात, अमुक देशात बारावीचे टक्के बघत नाहीत म्हणे. तिकडचं कॉलेज बघत नसेलही, पण परत येऊन इथे प्रॅक्टिस करायची तर इथले नियम आहेतच. नीट क्वालिफाय लागते, बारावीची अट लागते, कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून, वर २०२१ च्या नियमांनुसार त्याच देशात १२ महिन्यांची इंटर्नशिप, मग इथली एफएमजीई (परदेशात शिकून आलेल्यांची परीक्षा), ३०० पैकी १५०. १५० चा आकडा काही पाठ सोडत नाही.

ड्रॉपमध्ये भलत्याच ठिकाणी अडकणे

गॅप दिसू नये म्हणून बीएस्सीला ॲडमिशन घेतात, ओरिजिनल टीसी-मार्कशीट तिथे जमा होते आणि कॅपच्या ऐन वेळी ते सोडवायला पळापळ. माझी पळापळ झालीय, पावसात, तीन दिवस. गॅपला कोणी खात नाही, गॅपचं ॲफिडेव्हिट करून मिळतं. नॉन क्रिमीलेयर ३१ मार्चला संपतं आणि जात वैधता एका आठवड्यात होत नसते हे पण घरातल्या मोठ्यांनी आत्ताच डोक्यात ठेवा.

वयाची वरची अट २०२२ मध्ये गेली, अटेम्प्टलाही मर्यादा नाही, म्हणून तिसरा-चौथा ड्रॉप सहज घेतला जातो. माझं मत विचाराल तर मागच्या दोन वर्षांत मार्क खरंच वर चढले असतील तरच, नाहीतर नको.

तोच क्लास, तीच बॅच, तेच मार्क

ही सगळ्यात मोठी, म्हणून शेवटी. रिपीटर बॅच लावली म्हणजे मार्क वाढतात असं नाही, जुन्या चुका नव्या बाकावर होतात. माझ्या पहिल्या ड्रॉपमध्ये मी बायो चौथ्यांदा वाचलं कारण ते येत होतं आणि वाचताना बरं वाटायचं. फिजिक्स होतं तिथेच राहिलं.

मामांच्या पोरीला म्हटलं नीटचा पेपर आणि आन्सर की काढ, फिजिक्सचा हिशोब लाव. ४५ पैकी १८ बरोबर, २२ चूक, ५ सोडलेले. बरोबरला चार, चुकीला वजा एक, म्हणजे ७२ वजा २२, पन्नास मार्क. मग त्या २२ चुकांपुढे प्रत्येकी एक शब्द लिहायला लावला, का चुकलं ते. दोन तास लागले तिला, मध्ये एकदा रडली पण. सात चुका धडे वाचलेलेच नव्हते म्हणून, चार चुका दोन ऑप्शनमध्ये अडकून, आणि उरलेल्या अकरा, सूत्र बरोबर, पद्धत बरोबर, पण कुठे दहाचा घात चुकलाय, कुठे सेंटीमीटरचे मीटर केले नाहीत, एका ठिकाणी ०.०५ ने भागताना शून्य खाल्लं. ही अकरा बरोबर आली असती तर ५० चे १०५ होतात.

संध्याकाळी मामांचा परत फोन, मग क्लासचं काय ठरलं. म्हटलं ठरलं, रोज सकाळी अर्धा तास, आठवीचं गणिताचं पुस्तक, घातांक आणि दशांश. मामा म्हणाले आठवीचं पुस्तक तर रद्दीत गेलं रे.