आधी मलम, मग फोटो : फोनवरून त्वचारोगाचा सल्ला घेताना या चुका टाळा

करमाळ्याहून किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या सीमेवरच्या एखाद्या गावातून सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमधील त्वचारोग विभागात यायचे म्हटले, तर रुग्णाचा आणि सोबतच्या माणसाचा सबंध दिवस मोडतो आणि दोघांची मजुरीही बुडते. त्यामुळे फोटो पाठवून किंवा व्हिडिओवर बोलून सल्ला घेण्याची सवय करोनाकाळ सरल्यावरही टिकली, आणि ती टिकली हे चांगलेच झाले. त्वचेचा विकार डोळ्यांना दिसतो, म्हणून दूरस्थ सल्ल्याचे प्रयोग या शाखेत लवकर सुरू झाले. ‘टेलिडर्मॅटॉलॉजी’ हे नाव १९९५ पासून वैद्यकीय लिखाणात रूढ आहे. आतापर्यंतच्या संशोधनाचा एकूण कल असा आहे की, प्रत्यक्ष तपासणीतले निदान फोटोवरच्या निदानापेक्षा काहीसे सरस ठरते, परंतु पुढे कोणता उपचार करायचा या निर्णयात दोन्ही पद्धती एकमेकींच्या बऱ्याच जवळ येतात. मात्र अशा अनेक अभ्यासांतले फोटो प्रशिक्षित व्यक्तींनी काढलेले होते आणि सोबत रुग्णाची पद्धतशीर माहिती जोडलेली होती, ही बाब विसरता येत नाही. घरून पाठवलेल्या फोटोत नेमक्या याच दोन गोष्टींची उणीव असते, आणि तिच्याही आधी एक चूक होऊन गेलेली असते.

मलम लावून झाल्यावर डॉक्टरांना विचारणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जांघेत किंवा कमरेवर खाज सुटली की शेजाऱ्याने सुचवलेली किंवा मेडिकलमधून नुसते नाव सांगून आणलेली ट्यूब लावली जाते. अशा अनेक ट्यूबमध्ये बुरशीवरचे औषध, जंतुनाशक आणि क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड अशी तिन्ही द्रव्ये एकत्र असतात. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन-तीन दिवसांत कमी होते आणि औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकारशक्ती दबून बुरशी आत पसरत राहते. गजकर्णाची मूळ ओळख म्हणजे खपल्यांची उठावदार गोल कडा आणि मध्यभागी निवळत गेलेली त्वचा. स्टेरॉइड लावल्यावर ही कडाच पुसट होते आणि फोटोत एखाद्या साध्या इसबासारखा चट्टा दिसतो. म्हणजे ज्या खुणेवरून निदान व्हायचे, तीच रुग्णाने नकळत मिटवलेली असते.

भारतात गेल्या दशकभरात गजकर्ण चिवट का झाले, याच्या कारणांत अशा मलमांचा वापर संशोधक सातत्याने मोजतात. दुसरे कारण बुरशीच्या प्रकारात आहे. ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ या प्रकाराचे वर्णन २०२० मध्ये जपानमध्ये उपचार घेणाऱ्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांवरून झाले, आणि त्यातील अनेक नमुने टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. त्यामुळे ‘मागच्या वेळी या गोळ्यांनी बरे वाटले होते’ हा युक्तिवाद आता तितकासा भरवशाचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न देण्याच्या अनुसूची ‘एच’मध्ये घातली, तरी घराघरांतल्या जुन्या ट्यूब काही त्यामुळे नाहीशा झाल्या नाहीत. चेहऱ्यावरचा वांग उजळावा म्हणून महिनोन्महिने अशी ट्यूब लावणाऱ्यांची त्वचा पातळ होते, केस आणि पुटकुळ्या येतात आणि मलम थांबवताच चेहरा लाल होऊन आग होऊ लागते. हा प्रकार फोनवर ‘पिंपल्स’ म्हणून सांगितला गेला, तर सल्ला चुकणे जवळपास ठरलेलेच आहे.

उपाय सोपा आहे. शक्य असल्यास काहीही लावण्याआधी फोटो काढावा, आणि लावले असेल तर ते न लपवता त्या ट्यूबच्या पुढच्या व मागच्या बाजूचा फोटोही पाठवावा. हळद, लिंबू, चुना, झाडपाल्याचा लेप यांचाही उल्लेख करावा, कारण त्यांच्यामुळे उठलेले फोड मूळ आजाराचे समजले जाऊ शकतात. पोटात घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. त्या घेत आहोत एवढे आधी सांगावे.

फोटोतल्या चुका

रात्री पिवळ्या दिव्याखाली किंवा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत लाली एक तर दिसत नाही किंवा भलतीच दिसते. सावळ्या त्वचेवर लाली मुळातच तांबूस न दिसता जांभळट किंवा करड्या छटेची दिसते, तेव्हा प्रकाशाची ही चूक आपल्याकडे अधिक नडते. सकाळी दारात किंवा खिडकीशी, पण थेट उन्हात नव्हे, अशा उजेडात फोटो काढावा. चमकदार नक्षीची सोलापुरी चादर पार्श्वभूमीला असेल तर कॅमेऱ्याचे रंग बिघडतात आणि फोकस नक्षीवर जातो. त्याऐवजी साधे, फिक्या रंगाचे कापड अंथरावे.

एक फोटो लांबून, ज्यात चट्टा शरीराच्या कोणत्या भागावर आहे ते कळेल. एक साधारण फूटभर अंतरावरून. आणि एक तिरक्या कोनातून, ज्यात उंचवटा दिसेल. कॅमेरा अगदी टेकवून काढलेला फोटो बहुधा धूसरच येतो. आकार कळण्यासाठी शेजारी मोजपट्टी ठेवावी. सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढू नये, चेहरा नितळ करणारे फिल्टर बंद करावेत, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, म्हणजे फोटो दाबला जाऊन तपशील जात नाहीत. व्हिडिओवर चित्र अडखळते, म्हणून व्हिडिओ सल्ला असला तरी स्थिर फोटो आधी पाठवलेले बरे.

कामधंदा आणि घर न सांगणे

सोलापुरात तर हे टाळून चालतच नाही. बिड्या वळणाऱ्या स्त्रीच्या बोटांवरील चिरा आणि काळसर जाड त्वचा, रंगकामाच्या कारखान्यात रसायनांत हात घालणाऱ्या कामगाराचे तळहात, बांधकामावर सिमेंटने उलणारे हात, शेताच्या बांधावरच्या गाजरगवतामुळे पापण्या, मान आणि कोपरांच्या घडीत उठणारे खाजरे इसब, हे सर्व फोटोत एकसारखेच इसब दिसू शकते. कारण कळले नाही तर मलमाने आठवडाभर बरे वाटते आणि कामावर परतताच पुन्हा तेच सुरू होते. कपाळावर टिकलीच्या जागीच पांढरा डाग पडला असेल, तर टिकलीच्या डिंकातील रसायनाचा संशय घ्यावा लागतो. तो डाग दाखवताना टिकलीचे पाकीटही दाखवावे.

खाज रात्री वाढते का आणि घरात आणखी कोणाला आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे खरजेच्या निदानात फोटोपेक्षा मोलाची ठरतात. एकट्यानेच औषध लावले आणि बाकीच्यांनी लावले नाही, तर काही दिवसांत खरूज फिरून येते. गेल्या दोन महिन्यांत सुरू केलेली प्रत्येक गोळी, मधुमेह आणि स्त्रियांच्या बाबतीत गर्भधारणेची शक्यता हेही सांगितलेच पाहिजे. मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन आणि सोरायसिसवरचे मेथोट्रेक्सेट या दोन्ही औषधांमुळे गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. ही माहिती सून किंवा मुलगी सासूसमोर, नवऱ्याच्या फोनवर मोकळेपणाने देईलच असे नाही. म्हणून तिला डॉक्टरांशी काही वेळ एकटीने बोलू द्यावे. अल्पवयीन मुलांच्या सल्ल्याच्या वेळी मात्र सोबत मोठी व्यक्ती असणे नियमानेच आवश्यक आहे.

जे फोटोत मावत नाही, त्याचीही फोनवरच वाट पाहणे

त्वचेवरचा फिकट किंवा तांबूस चट्टा, त्यावर घाम न येणे आणि स्पर्श कमी जाणवणे ही कुष्ठरोगाची लक्षणे असू शकतात. लहान मुलांच्या गालांवरचे फिके डाग जंतांमुळे पडतात अशी एक समजूत आपल्याकडे आहे, आणि तिच्यापायी बहुधा निरुपद्रवी असलेल्या डागांसाठी औषधे दिली जातात. उलट मोठ्या माणसाच्या बधिर चट्ट्याकडे दुर्लक्ष होते. फोटोत बधिरपणा दिसत नाही आणि जाड झालेली नसही चाचपता येत नाही. गरम वस्तू किंवा सुई टोचून घरी परीक्षा घेऊ नये. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि बहुविध औषधोपचार मोफत मिळतात. रोगाच्या प्रकारानुसार हा उपचार सामान्यतः ६ किंवा १२ महिने चालतो.

नवी गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठून ताप येणे, तोंडात किंवा डोळ्यांत फोड येणे, त्वचा सोलली जाणे. एखादा पाय वेगाने लाल, गरम आणि दुखरा होत सुजणे. दाबूनही न विरणारे जांभळे ठिपके तापासह उठणे. नागीण डोळ्याच्या बाजूला उठणे, यांपैकी काहीही दिसले तर फोटो पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

फोटोवरून आजार ओळखणाऱ्या ॲपवर तर अजिबात विसंबू नये. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सुमारे १ लाख २९ हजार छायाचित्रांवर घडवलेल्या प्रणालीने त्वचेच्या कर्करोगाबाबत तज्ज्ञांच्या तोडीचे निदान केले होते. परंतु २०२२ मध्ये विविध वर्णांच्या त्वचेच्या ६५६ छायाचित्रांवर अशा प्रणाली तपासल्या, तेव्हा गडद त्वचेवर त्यांची कामगिरी घसरली.

चिठ्ठी मिळाल्यानंतर

भारतात २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असायला हवा, आणि काही औषधे पहिल्या वेळी व्हिडिओ सल्ल्याशिवाय लिहिता येत नाहीत. डॉक्टरांनी एखादे औषध लिहायला नकार दिला किंवा प्रत्यक्ष बोलावले, तर तो टाळाटाळीचा भाग समजू नये. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेवरूनही सल्ला घेता येतो.

गजकर्णाचा चट्टा दिसेनासा झाला की उपचार थांबवणे ही शेवटची नेहमीची चूक आहे. सांगितलेले आठवडे पूर्ण करावेत, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा आणि उन्हाळ्यात घामेजलेले कपडे लगेच बदलावेत. पुढच्या फेरीसाठी फोटो त्याच जागी, त्याच वेळी, तेवढ्याच अंतरावरून काढून त्यावर तारीख लिहून ठेवावी. ठरलेल्या मुदतीत फरक पडला नाही, तर औषध बदलून मागण्याऐवजी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी वेळ मागावी, आणि तपासणीच्या किती दिवस आधी मलम बंद ठेवायचे हे त्याच वेळी विचारून घ्यावे.