'मायनर' स्ट्रोकनंतर घरी आल्यावर काय करायचं

थोडक्यात निभावलं, असं म्हणत माणूस चार दिवसांत घरी येतो. हात हलतोय, बोलणं स्पष्ट आहे, कागदावर 'मायनर इस्केमिक स्ट्रोक' लिहिलंय, म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी अडून आलेला छोटा झटका. पंधरा दिवसांनी मात्र दोन पानं वाचली की डोकं बधिर होतं, दुपारी चारलाच अंग गळून जातं. घरच्यांना वाटतं, सगळं नीट असताना हा असा का वागतोय?

हा 'मायनर' शब्द येतो पहिल्या तपासणीतून. हात-पाय, चेहरा, नजर, बोलणं वगैरे पाहून डॉक्टर 0 ते 42 मध्ये गुण देतात. बहुतेक ठिकाणी 3 पर्यंत, काही ठिकाणी 5 पर्यंत गुण असतील तर झटका मायनर. त्या गुणांत थकवा नाही, चालतानाचा तोल नाही, बोटांची बारीक कामं नाहीत आणि स्मरणशक्ती जवळपास नाहीच.

1. आधी गोळ्यांचा कागद नीट वाचा. पुन्हा झटका येण्याचा धोका सुरुवातीच्या दिवसांत सर्वांत जास्त असतो. म्हणून बऱ्याच जणांना अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या साधारण 21 दिवस आणि पुढे त्यातली एकच देतात. इथे दोन चुका हमखास होतात. कोणी बरं वाटलं म्हणून दोन्ही सोडतो, तर कोणी दोन्ही महिनोन्महिने घेत राहतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढवून ठेवतो. कुठली गोळी कोणत्या तारखेला बंद, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर औषधच वेगळं असतं. झटक्याचं कारण सापडलं का, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली का, हेही विचारा. रक्तदाब बहुतेकांना 130/80 च्या खाली ठेवायला सांगतात. तंबाखू आणि सिगारेट बंद.

2. दोन आठवडे एक वही ठेवा. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी काम हेच. 'बरं वाटत नाही' असं लिहू नका, घडलं ते लिहा. शर्टाचं वरचं बटण लावताना अंगठा आणि तर्जनी जुळत नाहीत, तीनदा निसटतं. सही पूर्वीसारखी येत नाही. दोघं एकदम बोलायला लागले की धागा सुटतो. डाव्या बाजूच्या दाराच्या चौकटीला खांदा घासतो. शेवटची नोंद असेल तर नजरेचा तेवढा भाग गेलाय का, ते तपासून घेईपर्यंत गाडी चालवू नका. एरवीही गाडीला हात लावण्याआधी डॉक्टरांचा होकार हवाच.

3. थकव्याला आळस म्हणू नका. हा थकवा झोप काढली तरी जात नाही आणि झटका किती मोठा होता याच्याशी त्याचा फारसा मेळ नसतो. डोक्याचं काम सकाळी, थकण्याआधीच विश्रांती. बरं वाटतंय त्या दिवशी चार दिवसांची कामं उरकायला जाल तर पुढचे दोन दिवस आडवे पडून काढाल. झोपेत घोरणं, श्वास अडकणं असेल तर सांगा, त्यावर उपचार आहेत.

4. व्यायाम थोडा थोडा वाढवा. चालणं रोज हवं. बोटांसाठी बटणं, नाणी, लिहिणं अशी खरीखुरी कामंच पुन्हा पुन्हा करा, नुसता चेंडू दाबून भागत नाही. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते, नंतरही होते, पण सावकाश.

5. मन. रडू येणं, चिडचिड, कशातच रस नसणं दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना सांगा. स्ट्रोकनंतर नैराश्य येणं अगदी नेहमीचं आहे.

6. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे वही घेऊन जा. तिथे अपंगत्व 0 ते 6 अशा पट्टीवर मोजतात. 'स्वतःचं स्वतः करता ना?' या प्रश्नाला हो म्हटलं की गाडी पुढे जाते. त्याऐवजी पूर्वी करत होतो पण आता जमत नाही, अशी तीन कामं सांगा. 1 आणि 2 या गुणांतला फरक नेमका तिथेच आहे: 1 म्हणजे पूर्वीची सगळी कामं जमतात, 2 म्हणजे काही जमत नाहीत. कामावर रुजू व्हायचं असेल तर आधी अर्धा दिवस मागा.

7. पुन्हा तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तोल किंवा नजर गेली, तर पाच मिनिटांत उतरलं तरी थेट दवाखाना गाठा. वाटेत जास्तीची अॅस्पिरिन देऊ नका, झटका रक्तस्रावाचा आहे का हे स्कॅनशिवाय कळत नाही. माणूस शेवटचा ठणठणीत किती वाजता होता, ते लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात आणि ते तास त्या वेळेपासून मोजले जातात.