कोलेस्टेरॉलचे घरगुती उपाय आणि किडनी: या चुका टाळा

बेळगावच्या टिळकवाडीत वॅक्सिन डेपोवर सकाळी फिरायला येणाऱ्यांचे विषय ठरलेले: कुणाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती आलं आणि कोण त्यावर काय घेतं. दुधीचा रस, मेथीचं पाणी, पाहुण्यांनी दिलेल्या कॅप्सूल. किडनीचं नाव मात्र पाय सुजेपर्यंत निघत नाही. पहिली चूक हीच. लिपिड प्रोफाइलसोबत क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिनही तपासून घ्या. शुगर-बीपी असेल तर नक्कीच. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा आकडा, तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली असेल, तर काय चालतं नि काय नाही हे सगळंच बदलतं.

खरा घोटाळा रसांत आहे. दुधी कडू लागला की तो घोट तिथंच थुंकावा. ‘औषध कडूच असतं’ म्हणत नाक दाबून पिणारे रक्ताच्या उलट्यांनी दवाखान्यात पोचलेत. पालकाचा कच्चा रस रोज प्यायलात तर त्यातलं ऑक्झलेट किडनीत साचू शकतं. बिंबल या आंबट फळाचंही तेच. आमटीत दोन फोडी घाला, खुशाल. पण कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून ग्लासभर रस प्यायल्यावर किडनी निकामी झाल्याच्या घटना केरळात नोंदल्या गेल्यात. किडनीच्या रुग्णानं कमरख (स्टार फ्रूट) तर चाखूही नये.

रेड यीस्ट राइसच्या, म्हणजे यीस्टनं आंबवलेल्या लाल तांदळाच्या, कॅप्सूल ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जातात. त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजे रसायन म्हणून लोव्हास्टॅटिनच, स्टॅटिन जातीचं कोलेस्टेरॉलचं औषध. डॉक्टरांची स्टॅटिन चालू असताना वर हे घेतलं, तर एकाच जातीच्या औषधाचा डोस वाढतो. स्नायू दुखतात, क्वचित इतके झिजतात की किडनीवर ताण येतो. लेबल नसलेल्या भस्माच्या पुडीत शिसं-पारा असू शकतो, ती घेऊच नका. ‘लो-सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, तेही किडनीच्या रुग्णाला विचारूनच.

मला विचाराल तर पैसे इसबगोलावर खर्चावेत. एलडीएल थोडं खरंच उतरतं. पण भरपूर पाण्याबरोबर घ्या, आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब. पाण्यावर बंधन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जवसाची चटणी भाकरीबरोबर आहेच, मीठ बेतानं.

नवीन काही सुरू केल्यावर मांड्या दुखल्या, लघवी कमी किंवा काळपट झाली, पाय सुजले, तर ते लगेच बंद करा. स्टॅटिन मात्र स्वतःहून सोडू नका. डबा, पुडी, जे काही असेल ते पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि क्रिएटिनीन पुन्हा तपासा.