आडनाव सोडा, गाव धरा

सासऱ्यांचं एकच पालुपद: "आपण भोसल्यांबरोबर साताऱ्याकडच्या देऊरहून नागपुरात आलो." नागपूरच्या जुन्या महाल वस्तीत निम्मी घरं हेच सांगतात. कागद कोणाकडेच नाही. मी घराण्याचं मूळ शोधायला बसले आणि पहिले सहा महिने आडनावामागे घालवले.

ही चूक तुम्ही करू नका. इंग्रजी अमदानीतल्या गावच्या दप्तरात आडनाव क्वचितच सापडतं. "सखाराम वल्द गणू", म्हणजे गणूचा मुलगा सखाराम, पुढे जात आणि मौजा, म्हणजे गाव, एवढंच. म्हणून आधी बापाचं नाव आणि गाव पक्कं करा.

आजोबा ज्या शाळेत शिकले तिथलं दाखल-खारीज रजिस्टर बघा. गाव तिथे मिळतं. जन्मतारखेवर विसंबू नका, आमच्या घरातले निम्मे लोक १ जुलैलाच जन्मले आहेत!

मग तहसीलचा अभिलेख कक्ष. गावच्या कोतवालाची जन्ममृत्यूची वही मागा, नकलेचा अर्ज करा. एका ठिकाणी मला "वह्या वाळवीनं खाल्ल्या" म्हणून परत पाठवलं. पुढच्या महिन्यात दुसरा बाबू बसला होता, वही निघाली. बारशाआधीच नोंद व्हायची, त्यामुळे मुलाचं नाव नसतं. "गणूला मुलगा झाला" इतकंच. भावंडांच्या वयांतली अंतरं कागदावर मांडून कोणता मुलगा ते ठरवावं लागतं. हे काम वेळखाऊ, पण खरी गंमत त्यातच.

गाव सौंसरकडचं निघालं तर मध्य प्रदेशात जावं लागेल. १९५६ साली आपण विदर्भातले मुंबई राज्यात आलो, सौंसरकडचे मध्य प्रदेशातच राहिले.

१८५४ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचं राज्य खालसा केलं. त्याआधीचा कागद हाती लागला तर तो बहुधा मोडी लिपीत असतो. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. वाचायला जाणकार गाठा, पण सन स्वतः काढा. तो शुहूर सन असतो, अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेला. "सलास अशरीन मयातैन व अलफ" म्हणजे ३ + २० + २०० + १०००, अर्थात १२२३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १८२२-२३.

त्र्यंबकेश्वरी तुमच्या घराण्याचे उपाध्याय असतील तर त्यांची नामावळी, म्हणजे यजमानांच्या पिढ्यांची वही, हीही चाळा. गाव विचारल्याशिवाय तेही वही उघडत नाहीत.

आमची पाळंमुळं नागपूर जिल्ह्यातल्याच उमरेडच्या बाजूला निघाली. देऊरचा कुठे उल्लेखच नाही. सासरे नव्वदीत आहेत, रोज विचारतात, "काय झालं गं देऊरचं?" मी म्हणते, "बाबा, नक्कल यायची आहे अजून."