शेजारणींना ‘सामान पाहायला’ बोलावताना

शेजारणींना एका घरी जमवून माल दाखवायचा, याला कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये ‘पार्टी’ म्हणतात; घरगुती विक्रीचं काम नव्याने घेतलेल्या बाईला हाच शब्द शिकवतात. गावात तो वापरू नये. विदर्भातल्या खेड्यात पार्टी म्हटलं की मटणाचा रस्सा आठवतो आणि मीटिंग म्हटलं की बचत गट, नाहीतर ‘दोन मेंबर जोडा’वाली साखळी. ‘सामान पाहायला या’ एवढं सरळ बोलावणं पुरतं.

ही पद्धत मुळात अमेरिकेतली. टपरवेअर कंपनीचे प्लास्टिकचे डबे दुकानात पडून राहत, कारण हवाबंद झाकण कसं दाबायचं हे गिऱ्हाइकाला कळत नसे. घरात बायका जमवून झाकण लावून दाखवलं की डबे विकले जात. १९५१ मध्ये कंपनीने दुकानांतून माल काढून घेतला आणि घरगुती विक्रीचं काम ब्राउनी वाइज या बाईंकडे सोपवलं. म्हणजे बोलावण्याला कारण होतं: हाताळून पाहिल्याशिवाय न कळणारी वस्तू. आपल्या पिशवीतल्या कोणत्या वस्तूला असं कारण आहे ते आधी ठरवावं. किराणा दुकानात मिळतो तोच साबण दाखवायला शेजारणींची संध्याकाळ मागू नये.

सर्वात मोठी चूक म्हणजे हळदीकुंकवाला बोलावून पिशवी उघडणं. बाई कुंकू लावून घेते, वाण घेते आणि समोर किमतींचा कागद येतो. उठून जाता येत नाही, म्हणून ती दीडशे रुपयांचं काहीतरी घेते आणि पुढच्या वेळी तिच्या घरी नेमके पाहुणे असतात. शहरात गिऱ्हाईक तुटलं तर दुसरं मिळतं. इथे तीच बाई रोज नळावर भेटते. संक्रांतीचा धंदा करायचाच तर वाणाचा करा. डिसेंबरमध्येच विचारून ठेवावं की यंदा कोण किती वाणं लुटणार आहे, आणि लहान डब्यांची ऑर्डर तेव्हाच घ्यावी. तो उघड व्यवहार असतो, त्यात कोणी अवघडत नाही.

बोलावणं चार-पाच दिवस आधी, घरी जाऊन, रिकाम्या हाताने द्यावं. पिशवी सोबत असली की बोलावणं राहतं बाजूला आणि दारातच ‘कितीचं आहे वं?’ सुरू होतं. बोलणं साधारण असं असावं: ‘काकू, शुक्रवारी सांजच्याले साडेसातले वहिनीच्या घरी डबे दाखवतो. शंभरापासून हायेत. घेतलंच पाह्यजे असं काई नाई. नाई जमलं तरी राग नाई.’ यात चार गोष्टी येतात: काय दाखवणार, कुठे, किंमत कुठून सुरू, आणि नाही म्हणायची मोकळीक. किंमत लपवली की बाई घाबरून येत नाही. मोकळीक नाही दिली तर ‘येतो’ म्हणते आणि येत नाही. आदल्या दिवशी एकदा आठवण, त्या संध्याकाळी एखाद्या पोराला पाठवून निरोप. तिसऱ्यांदा विचारू नये. पंधरा घरी सांगितलं तर सात-आठ जणी येतील असं धरावं. तेवढ्या पुरतात, बारापेक्षा जास्त झाल्या तर मागच्यांना डबा दिसत नाही आणि गप्पा रंगतात.

घर कोणाचं, हा नाजूक भाग. कोण कोणाच्या ओसरीवर बसतं आणि कोण बसत नाही, हे गावातल्या बाईला सांगावं लागत नाही. एकाच घरी सगळ्यांना बोलावण्याचा हट्ट धरू नये. प्रत्येक मोहल्ल्यात वेगळं घर धरावं. अंगणवाडी किंवा आशाताईंच्या ओळखीवर बोलावणं तर नकोच. पोराचा खाऊ, बाळंतपणाचं काम त्यांच्या हातात असल्याने बायकांना नाही म्हणता येत नाही. बचत गटाच्या बैठकीत मध्येच घुसू नये. अध्यक्षांना आधी विचारावं आणि पैसे मोजून रजिस्टर बंद झाल्यावर दहा मिनिटं मागावीत. गटाच्या कर्जाचे पैसे डब्यांत गेले तर दोष तुमच्यावर येतो, आणि यायलाच हवा.

वेळेचं गणित शेतीवर बसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, पुढे जानेवारीपर्यंत कापूस वेचणी. वावरातून अंधार पडल्यावर आलेली बाई सात वाजता चुलीपुढे असते. भंडारा-गोंदियाकडे जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते, तेव्हा नाव काढू नये. बाजाराचा दिवस टाळावा, पण बाजाराची आदली संध्याकाळ बरी, कारण दुसऱ्या दिवशी मजुरी हातात येणार असते. मार्गशीर्षातले गुरुवार वर्ज्य. इतर उपासाच्या दिवशी निदान फराळाचं ठेवावं. मार्च-एप्रिलमध्ये पापड-कुरडया होतात, तेव्हा मोठ्या हवाबंद डब्यांची खरी गरज असते. उन्हाळ्यात क्रीम-लिपस्टिक बंद गाडीत ठेवू नये. पातळ होऊन वाया जातं. गावात मयत झाली तर कार्यक्रम पुढे ढकलावा.

दहा जणींसाठी पाऊण लिटर दुधाचा चहा आणि अर्धा किलो चिवडा बस झाला. हा खर्च तुमचा, घरमालकिणीचा नाही, हे तिला आधीच सांगावं. समोसे-गुलाबजाम केले की पुढची बाई आपलं घर द्यायला कचरते.

दाखवताना घरमालकिणीच्या घरातलंच तिखट, तिच्याच कुरडया डब्यात भरायला घ्याव्यात. पाण्याचा प्रयोग करायचा तर घरी तीनदा करून पाहावा. झाकण मधोमध दाबून कडा एका बाजूने उचलायची, हवा निघाल्याचा ‘फुस्स’ आवाज ऐकायचा, मग बोट फिरवत सगळी कड बसवायची. एक कोपरा राहिला की पालथ्या डब्यातून पाणी सतरंजीवर येतं, आणि पुढचे सहा महिने गावाला तेवढंच आठवतं. थंडीत झाकण ताठ होतं. आधी कोमट पाण्यात ठेवावं. लाइट जाणारच, तेव्हा चार्जिंगचा दिवा जवळ असू द्यावा. पाऊण तासात आटोपावं. मालिकेची वेळ झाली की मन उठतं.

औषधी पावडर, रस असलं काही विकत असाल तर ‘शुगर जाते’ असं तोंडातून काढू नका. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मनाई आहे. थेट विक्रीचे नियम २०२१ मध्ये आले. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय घरी जाऊ नये, कंपनीने मान्य केलेला नाही असा दावा करू नये, माल परत करण्याची पद्धत आणि तक्रारीची जागा सांगावी, असं त्यांत आहे. ‘माणसं जोडा, पैसे मिळतील’ ही पिरॅमिड योजना त्याच नियमांनी बंद केली आहे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर बिलाच्या मागे लिहून द्यावा. देणारीवर विश्वास बसतो.

पैसे बुडतात ते उधारीत. समजा ४,००० रुपयांची ऑर्डर झाली आणि तुमचं कमिशन २० टक्के, म्हणजे ८०० रुपये. चहा-चिवड्याचे २००, पेट्रोलचे १००, घरमालकिणीच्या भेटवस्तूचे १५० गेले की ३५० उरतात. एका बाईचे ४०० राहिले तर सगळी संध्याकाळ फुकट गेली. म्हणून ऑर्डर लिहिताना अर्धे पैसे, माल हातात देताना उरलेले. ‘कापूस विकला की देतो’ हे खरंही असेल, पण मग ऑर्डरही कापूस विकल्यावरच घ्यावी. दुसऱ्या दिवशी ‘घरचे नाही म्हणतात’ असा निरोप आला तर आगाऊ घेतलेले पैसे त्याच दिवशी परत करावेत; म्हणून दुसरा दिवस जाईपर्यंत ऑर्डर कंपनीकडे पाठवू नये. महिनाअखेरीस टार्गेट पूर्ण करायला स्वतःच्या पैशाने माल उचलू नका. तो कपाटात राहतो आणि मग तोच खपवण्यासाठी शेजारणींना परत बोलावणं सुरू होतं.

माल आला की सगळ्यांचा मिळून घरमालकिणीकडे टाकून येऊ नये. अदलाबदल होते आणि भांडण तिच्या दारात येतं. प्रत्येकीच्या घरी जाऊन, बिल देऊन, झाकण तिच्याकडून एकदा लावून घ्यावं. बसत नसेल तर तो डबा तिथेच परत पिशवीत ठेवावा.