पाभर जुंपण्याआधी विहीर मोजा : पुणे जिल्ह्यासाठी रब्बीचा पाणी सल्ला

शेतकरी बंधू-भगिनींनो,

परतीचा पाऊस उघडला, वाफसा आला की पेरणीची घाई सुटते. विहीर काठोकाठ दिसते, ओढा वाहता असतो आणि मनातल्या मनात गहू-कांद्याचं क्षेत्र वाढत जातं. माझी हात जोडून विनंती आहे, पेरणीची पाभर जुंपण्याआधी दोन दिवस पाण्याला द्या. पुरंदर, बारामती, दौंड, शिरूर, इंदापूर या आपल्या कमी पावसाच्या पट्ट्यात फेब्रुवारीत जळालेला गहू बहुतेक वेळा ऑक्टोबरच्या चुकीच्या अंदाजानं जळालेला असतो.

भरलेली विहीर फसवते ती आपल्या खडकामुळे. पुणे जिल्हा सगळा काळ्या पाषाणावर, म्हणजे लाव्हाच्या थरांवर वसलेला आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. शंभर लिटर आकारमानाच्या अशा खडकातून जेमतेम दोन-तीन लिटर पाणी सुटतं. त्यामुळे थोडं पाणी मुरलं तरी पातळी हातभर चढते आणि थोडं उपसलं तरी तेवढ्याच वेगानं उतरते. गंगेच्या गाळाच्या प्रदेशातली विहीर आणि आपली विहीर यांत हा मोठा फरक आहे. आपली पातळी उंच दिसते, पण तिच्या मागे साठा फार नसतो.

आता मोजायचं कसं ते सांगतो. नायलॉनची दोरी घ्या, टोकाला जड नट बांधा, फुटाफुटाला गाठ मारा. विहिरीच्या कठड्यावर एका जागी रंगाची खूण करा आणि दर वेळी दोरी तिथूनच सोडा. मोटर निदान आठ-दहा तास बंद हवी. सकाळची लाइट यायच्या आत मोजलेलं बरं. शेजारच्या बांधावरची मोटरही बंद असू द्या, कारण दोन्ही विहिरी एकाच फटींतून पाणी ओढत असतात. त्यासाठी शेजाऱ्याशी आदल्या संध्याकाळी बोलून ठेवावं लागतं. बोलणं झालं तर दोघांच्या विहिरी एकाच सकाळी मोजून होतात, आणि तोच आकडा खरा उपयोगाचा असतो.

गोल विहिरीत किती पाणी आहे ते काढायला सोपी रीत आहे. विहिरीचा व्यास फुटात घ्या, त्याला त्यानंच गुणा आणि पुन्हा २२ नं गुणा. आलेलं उत्तर म्हणजे एका फुटातले लिटर. २० फूट व्यासाची विहीर असेल तर २० गुणिले २० गुणिले २२, म्हणजे फुटाला ८,८०० लिटर. अशा विहिरीत २० फूट पाणी उभं असेल तर ते झालं पावणेदोन लाख लिटर. आता दुसरी बाजू बघा. एका एकराला मोकाट पद्धतीनं, म्हणजे रानात पाणी मोकळं सोडून, ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची तर दोन लाख लिटर लागतात. म्हणजे डोळ्यांना एवढी मोठी दिसणारी विहीर एका एकराच्या एका पाळीलाही पुरत नाही. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा खरा वाटेना, म्हणून तीनदा केला.

म्हणून उभ्या पाण्यापेक्षा उमाळा, म्हणजे उपसल्यावर विहिरीत पुन्हा झिरपून येणारं पाणी, महत्त्वाचा. विहीर आठ-दहा फूट उपसा, मोटर बंद करा, घड्याळ लावा आणि दर तासाला दोरी सोडा. समजा वरच्याच विहिरीत चार तासांत दोन फूट पाणी चढलं, तर तासाला ४,४०० लिटर झाले. चोवीस तासांचे वरवर लाखभर होतात, पण पाणी चढेल तसा उमाळा मंदावतो, म्हणून मी दिवसाला ८० हजारच धरतो. नोव्हेंबर-डिसेंबर एवढं आणि जानेवारी-फेब्रुवारी त्याच्या निम्मं धरलं तर चार महिन्यांचे ७० लाख लिटरच्या आसपास होतात. त्यातून घर, जनावरं आणि बाग आधी वजा करा. उरेल ते पिकाचं. हरभऱ्याला एकरी साधारण १० लाख लिटर, गव्हाला १६ ते १८ लाख. ऊस वर्षभरात ८० लाखांच्या पुढे जातो, आणि विहिरीच्या भरवशावर तो लावू नका असं मी अगदी स्पष्ट सांगेन. रब्बी ज्वारी मात्र भारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, एखादी संरक्षित पाळी मिळाली तर दाणा आणखी चांगला भरतो. पाणी कमी निघालं तर ज्वारी-हरभरा पेरण्यात कमीपणा नाही.

बोअरवाल्यांनी पाइपात बारीक दोरीला लहान बाटली बांधून सोडावी, पाण्याला टेकली की 'डुबुक' ऐकू येतं. पाणी कमी पडलं की नवा बोअर घ्यायचा, ही मात्र आपली वाईट सवय झाली आहे. मी स्वतः एका पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्याच्या, शब्दावर बोअर घेतला आणि शेवटच्या पाइपापर्यंत नुसती धूळ उडाली. ते पैसे ठिबकला घातले असते तर आजही उपयोगी पडत असते. खाली अखंड कातळ असेल तिथे खोली वाढवून पाणी वाढत नाही. शिवाय २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, हेही ध्यानात असू द्या.

ओढ्याकडे वळू. पाऊस थांबून आठवडा झाल्यावर ओढ्यात जे वाहतं ते आभाळाचं पाणी नव्हे, ते जमिनीनं सोडलेलं पाणी. विहिरीचंच सख्खं भावंड म्हणा. ओढ्याचा सरळ भाग निवडा, १० मीटर अंतर मोजा आणि कडुलिंबाची काटकी सोडून सेकंद मोजा. पाच वेळा करून सरासरी घ्या. पात्र १ मीटर रुंद, पाणी सरासरी १० सेंटिमीटर खोल आणि काटकीला ५० सेकंद लागले, तर सेकंदाला साधारण १६ लिटर वाहतंय. तळाशी पाणी वरच्यापेक्षा हळू जातं, म्हणून आलेल्या उत्तराच्या ८० टक्केच धरायचे, ते यात धरले आहेत. ओढा कोणत्या तारखेला आटला तेही वहीत लिहा. दिवाळीत आटणारा ओढा आणि संक्रांतीपर्यंत टिकणारा ओढा, यांच्या काठच्या विहिरींचं भविष्य वेगळं असतं. वाहतं पाणी रोडावू लागलं की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घाला. गावात कोल्हापुरी बंधारा असेल तर त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, वेळेवर बसले का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. एक आठवडा उशीर झाला तरी वाहून गेलेलं पाणी परत येत नाही.

पाझर तलावाची परीक्षा कुणी करत नाही, म्हणून जरा थांबतो. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांतून आपल्याकडे असे पुष्कळ तलाव झाले. ते मोटर लावून उपसण्यासाठी नव्हतेच, खालच्या विहिरींना पाझर मिळावा यासाठी होते. काठाजवळ खुणा केलेली काठी रोवा आणि दहा दिवसांत पाणी किती उतरलं ते बघा. हिवाळ्यात बाष्पीभवनानं दिवसाला चार-पाच मिलिमीटर जातात. तेवढंच उतरत असेल तर तलाव पाझरत नाही, तळाला गाळ बसलाय. उन्हाळ्यात तो गाळ काढून हलक्या रानात टाका.

शेततळ्याबद्दल माझं मत अनेकांना रुचत नाही, तरी सांगतो. पावसाचं वाहतं पाणी भरलं तर शेततळं सोन्यासारखं. पण बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकचा कागद घातलेल्या तळ्यात भरणं म्हणजे सावलीतलं पाणी उन्हात आणणं. ३० गुणिले ३० मीटरच्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर उडाले तरी ७,२०० लिटर जातात. महिन्याला दोन लाखांच्या वर, म्हणजे एका एकराची आख्खी पाळी.

पावसाचा आकडा स्वतःच्या शिवारातला ठेवा. मुळशी-मावळच्या घाटमाथ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि इंदापूर-दौंडकडे पाचशेच्या आसपास. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा, जुन्या माणसांच्या 'सिमला ऑफिस'चा आकडा तुमच्या विहिरीला लागू पडत नाही. पाणी तपासणीही पेरणीआधीच उरका. बोअर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, नमुना भरून नारायणगाव किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, २.२५ च्या वर आली तर द्राक्ष-कांद्यासारखी नाजूक पिकं टाळा.

हे सगळं एकट्यानं करून अर्धंच साधतं. पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर नव्हे, माणशी वाटलं गेलं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनांनाही वाटा आणि ऊस नाही. आपल्याच जिल्ह्यात हे झालं आहे, त्यामुळे 'गावात जमत नाही' हे मला पटत नाही. निदान दहा विहिरींचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून सुरुवात करा.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे ताळा करता येईल. संक्रांतीच्या आठवड्यात पुन्हा त्याच खुणेवरून दोरी सोडा. पाणी निम्म्याहून खाली गेलं असेल तर उन्हाळी भुईमूग आणि कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, यंदा नको. अंजिराचा मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्यात येणाऱ्या फळांचा हंगाम, त्याच दिवसांत पाण्यावर असतो, ते पाणी त्याच्यासाठी राखा.