नेट गेलं तरी चालणारी अॅप्स: शाळेसाठी, वाचनासाठी आणि रोजच्या कामांसाठी

शिक्षकांच्या ग्रुपवर दर जूनमध्ये "शिक्षकांसाठी १०१ उपयुक्त अॅप्स" असा एक मेसेज फिरतो, सगळे तो स्टार करून ठेवतात आणि परत कुणी उघडत नाही. उघडून सगळी टाकली तर फोनच बसेल म्हणा. मी मोजकीच सांगते, आणि ती निवडायची माझी पद्धत साधी आहे. अॅप टाकायचं, त्यात जे हवं ते डाउनलोड करायचं आणि मग फोन फ्लाइट मोडवर टाकून अॅप उघडायचं. चाललं तर वर्गात न्यायचं, नुसतं गोल गोल फिरत बसलं तर ते घरी वापरायचं. रेंज शाळेच्या गेटपर्यंत येते आणि वर्गात येत नाही हे ज्यांनी भोगलंय त्यांना जास्त समजवायला नको.

आधी टायपिंग, कारण निम्मा वेळ तिथेच जातो. जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी भाषा अॅड केली की स्पेसच्या पट्टीवर मराठी दिसतं, माइक दाबा आणि बोला. टाचण, सभेचं इतिवृत्त, पालकांना द्यायच्या सूचना, सगळं बोलून होतं. फक्त सावकाश आणि तोडून तोडून बोला, आणि स्वल्पविराम-पूर्णविराम हाताने टाका. हे नेट असेल तिथेच नीट चालतं म्हणून घरी करायचं काम.

पण ह्याहून भारी एक गोष्ट त्याच कीबोर्डात आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये डिक्शनरी, मग पर्सनल डिक्शनरी, मग मराठी, तिथे प्लसचं चिन्ह दाबा. वरच्या ओळीत पूर्ण वाक्य लिहायचं, म्हणजे उदाहरणार्थ "शाळा व्यवस्थापन समितीची मासिक सभा आज शाळेत मा. अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली संपन्न झाली", आणि खाली शॉर्टकटमध्ये नुसतं "शाव्य". आता कुठेही शाव्य टाइप केलं की वरच्या पट्टीत पूर्ण वाक्य येतं, टच केलं की झालं. शाळेचं पूर्ण नाव, यूडायस नंबर (शाळेचा सरकारी कोड), बँकेचा आयएफएससी, "माहितीस्तव सविनय सादर" ही जी वाक्यं आपण वर्षानुवर्षं लिहितोय ती सगळी एकदाच बसून भरून टाका. हे मात्र नेटशिवाय चालतं.

दुसरं दुखणं म्हणजे पीडीएफमधून मजकूर कॉपी करणं. जीआर किंवा एखादं परिपत्रक उघडलं, दोन परिच्छेद कॉपी केले आणि व्हॉट्सअॅपवर पेस्ट केले की "Ö" नि "¯Ö" असलं काहीतरी उमटतं. फोन बिघडलेला नसतो, ते पत्र युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं, त्यात पडद्यावर दिसतं मराठी पण आत अक्षरं इंग्रजीच्या कोडची असतात. त्यावर उपाय म्हणजे कॉपी करायचंच नाही, त्या पानाचा स्क्रीनशॉट काढायचा, गॅलरीत किंवा गूगल फोटोजमध्ये उघडून गूगल लेन्सचं चिन्ह दाबायचं आणि टेक्स्ट सिलेक्ट करायचं. लेन्स चित्र बघून अक्षरं ओळखतं, त्यामुळे आतला फॉन्ट कुठला ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. स्वच्छ मराठी मिळतं. मात्र अनुस्वार, रफार आणि आकडे एकदा डोळ्याखालून घाला, विशेषतः १ आणि ९ किंवा ५ आणि ६ ची गडबड होते, आणि तारीख चुकली की केंद्रप्रमुखांचा फोन आलाच समजा. हाच लेन्स छापील पुस्तकाच्या पानावर, फळ्यावर आणि बऱ्यापैकी सुवाच्य हस्ताक्षरावरही चालतो.

कागद स्कॅन करायला वेगळं अॅप नको. गूगल ड्राइव्हमध्ये प्लस दाबून स्कॅन निवडा, चार पानं काढा, एकच पीडीएफ होते आणि कोपऱ्यात कुणाची जाहिरातही येत नाही.

आता वाचन. "मोबाइलवर वाचवत नाही" असं म्हणणारे बरेचदा पुस्तक वाचतच नसतात, ते स्कॅन केलेली पीडीएफ चिमटीने मोठी करून डावीकडून उजवीकडे सरकवत असतात, त्याने कुणाचंही डोकं दुखेल. पीडीएफ म्हणजे जवळजवळ पानाचा फोटोच, अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. ईपब फाइल मिळत असेल तर नेहमी ती घ्या, कारण त्यात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप पुन्हा मांडल्या जातात. रीडएरा नावाचं फुकट अॅप आहे, जाहिराती नाहीत, पीडीएफ-ईपब दोन्ही उघडतं, कुठल्या पानावर होतो ते लक्षात ठेवतं आणि फ्लाइट मोडला पहिल्या नंबराने पास. त्यात अक्षर जरा मोठं ठेवा, दोन ओळींतलं अंतर वाढवा (मराठीत वेलांट्या-उकार वरखाली येतात त्यामुळे हे अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं), पार्श्वभूमी पिवळसर ठेवा. आणि पीडीएफच असेल तर फोन आडवा धरा, एवढ्यानेही निम्मा त्रास जातो. वाचताना डू नॉट डिस्टर्ब लावा नाहीतर तिसऱ्या ओळीला "शुभ सकाळ"चा फोटो येतोच.

पुस्तकं कुठून आणायची? कायदेशीर आणि फुकट असं इतकं पडलंय की चोरीच्या पीडीएफच्या नादी लागायची गरज नाही. ग्रुपवर नवीन कादंबऱ्या फॉरवर्ड करणाऱ्यांबद्दल माझं मत फार चांगलं नाही, मराठी पुस्तकाची आवृत्ती किती प्रतींची निघते हे आपल्याला माहीत असतं तरी आपण ते करतो. तर, बालभारतीच्या साइटवर पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, आणि १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिथे ठेवलेत, मुलांपेक्षा पालकच त्यात जास्त रमतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापलेली बरीच पुस्तकं मंडळाच्या साइटवरून उतरवता येतात, चरित्रं आणि संदर्भाची जाड पुस्तकं हवी असतील तर आधी तिथे बघा. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहेच, वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेला, वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या रात्री गूगलवर कुणाचंही काहीही वाचण्यापेक्षा तिथली नोंद बरी. विकिस्रोतावर कॉपीराइट संपलेलं जुनं साहित्य आहे, ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने पुस्तकं मोफत देतं, आणि मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतो, गावाकडचे जुने शब्द त्यात हमखास सापडतात.

वेबवरचे लेख "नंतर वाचू" म्हणून साठवणाऱ्यांसाठी एक सांगते. पॉकेट नावाचं त्यासाठीचं प्रसिद्ध अॅप जुलै २०२५ मध्ये बंदच झालं, लोकांची वर्षानुवर्षं जमवलेली यादी बाहेर काढायची धावपळ झाली. त्यापेक्षा क्रोममध्ये लेख उघडा, वरचे तीन ठिपके दाबा, खाली बाण असलेलं डाउनलोडचं चिन्ह दाबा, पान फोनमध्येच येतं आणि एसटीत घाटात रेंज गेली तरी वाचता येतं. आणि डोळे थकले असतील तर ऐका. फोनच्या टेक्स्ट टू स्पीच सेटिंगमध्ये मराठी आवाज एकदा डाउनलोड करून ठेवला की रीडएरा पुस्तक वाचून दाखवतं. आवाज सपाट आहे, "मा." नि "श्री." वर अडखळतो, कविता तर अजिबात ऐकू नका, पण माहितीपर लेख भाकऱ्या थापता थापता ऐकून होतात.

वर्गात काय वापरायचं ते आता. गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर ही साइट, प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं. मराठीत भरपूर गोष्टी आहेत, चार पातळ्यांत विभागलेल्या, पहिल्या पातळीत एका पानावर एखादंच वाक्य. पीडीएफ उतरवून घ्या, शाळेच्या टीव्हीला पेनड्राइव्हने दाखवा किंवा सरळ प्रिंट काढा, परवाना खुला आहे त्यामुळे लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून बिनधास्त वापरता येतं. तुमच्या मुलांची बोली वेगळी असेल, समजा पावरी किंवा कोरकू, तर त्याच चित्रांवर तुम्हीच गोष्ट नव्याने लिहू शकता, हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा अॅपने उघडतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण व्हिडिओ आदल्या दिवशी घरून डाउनलोड करून ठेवा, वर्गात स्कॅन करून वाट बघत बसू नका.

विज्ञान-गणिताला फेट, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग (सिम्युलेशन्स). कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प २००२ पासून चालू आहे, आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत. एकेक फाइल डाउनलोड होते आणि ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. विद्युत परिपथाचं घ्या. मुलं बोटाने बॅटरी, वायर, बल्ब ओढून जोडतात, बल्ब लागतो, दुसरी बॅटरी लावली की प्रकाश वाढतो. मग कुणीतरी हमखास बल्बशिवाय नुसती वायर बॅटरीच्या दोन्ही टोकांना जोडतं आणि पडद्यावर बॅटरीतून ज्वाळा निघतात. वर्ग खिदळतो आणि लघुपरिपथन (शॉर्ट सर्किट) न शिकवता समजतं.

सगळ्यात कामाचं म्हणजे प्लिकर्स, कारण ह्यात फोन एकच लागतो, तुमचा. साइटवरून कार्डं प्रिंट करायची, प्रत्येकावर वेगळी काळी-पांढरी नक्षी, प्रत्येक मुलाला त्याच्या हजेरी नंबरचं कार्ड. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात चार पर्याय असतात. प्रश्न विचारला की मुलाने आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं, तुम्ही फोन वर्गावरून फिरवायचा, कुणाचं बरोबर कुणाचं चूक ते लगेच दिसतं. नक्षी सगळ्यांची वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही उपयोग नाही, आणि जी मुलं कधी हात वर करत नाहीत त्यांचंही उत्तर मिळतं. दोन गोष्टी सांभाळा: कार्डाला चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड चमकतो नि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही, जाड कागदावर किंवा पुठ्ठ्यावर चिकटवा, आणि बोटं काळ्या भागावर येऊ देऊ नका. ह्याला नेट लागतं, फ्लाइट मोडला हे नापास, तरी मी ह्याच्यासाठी वर्गाची खिडकी शोधून रेंज पकडते.

नेट अजिबातच नसेल तर किविक्स. आख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये, घरच्या वायफायवर एकदा उतरवायचा. त्यात होस्ट करायची सोय आहे, तुमच्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला की बाकीचे फोन किंवा टॅब नेटशिवाय तुमच्या फोनमधला विकिपीडिया ब्राउझरवर वाचतात. मोठ्या फाइल सहकाऱ्यांना द्यायला अँड्रॉइड फोनमधलं क्विक शेअर वापरा, डेटा जात नाही.

घरच्या कामांचं थोडक्यात. डिजिलॉकरमध्ये "इश्यूड" म्हणून आलेलं लायसन्स-आरसी मूळ कागदाइतकंच ग्राह्य असतं, गॅलरीतला फोटो नसतो, हा फरक घरच्यांना सांगून ठेवा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत महाभूमीच्या साइटवर मिळतो, फुकट दिसतो तो फक्त बघण्यापुरता. आणि शेतावर जाणारं घरात कुणी असेल तर पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेने केलेलं दामिनी अॅप टाकून द्या, २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते सावध करतं, मे-जूनच्या वळवाच्या पावसात त्याचा खरा उपयोग.

ही सगळी अॅप्स प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका, ट्रॅफिक चलान, पीएम किसान अशा नावाने एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अॅप टाकणारी फाइल) येते, ओळखीच्या नंबरवरूनसुद्धा येते कारण त्या माणसाचा फोन आधीच हॅक झालेला असतो, ती उघडली की ओटीपी वाचून खातं रिकामं करतात. पैसे गेले तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकं अवघड. आणि आत्ताच सेटिंग्जमध्ये "इन्स्टॉल अननोन अॅप्स" शोधा, त्यात व्हॉट्सअॅप आणि क्रोमपुढचं बटण बंद करा, आईबाबांच्या फोनवरचंही.